बाळाची मान, बाळाचं नाक आणि जन्मानंतरचे पहिले दोन तास

कोविडने आपल्या घरोघरी दोन गोष्टी मागे ठेवल्या. ड्रॉवरमध्ये पडलेलं ऑक्सिमीटरचं चिमटं, आणि डोक्यात बसलेला ९४ हा आकडा. त्याच्या खाली गेलं की दवाखाना. त्यामुळे हल्ली लेबर रूममध्ये बायकोसोबत थांबलेला नवरा वॉर्मरशेजारच्या, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाशेजारच्या, मशीनवर ७१ वाचतो आणि त्याचे पाय लटपटायला लागतात. मी त्याला सांगते, "दादा, बाळाला येऊन तीन मिनिटं झालीत. एकाहत्तर चांगलं आहे. आकडा सोडा, बाळाच्या मानेकडे बघा." तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की सिस्टरची नाइट ड्युटी जरा जास्तच झालेली दिसते.

पण मी ते मनापासून सांगत असते. पूर्ण दिवसांचं, धडधाकट बाळ उताणं ठेवा, कुशीवर ठेवा नाहीतर आईच्या छातीवर पालथं ठेवा, त्याचा ऑक्सिजन आपल्या गतीने चढतोच. त्याला अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: मान दुमडलेली किंवा नाक दबलेलं, आणि त्या वेळी कुणाचं लक्ष नाही. हा लेख होणाऱ्या आईबाबांसाठी आहे, बाळंतिणीसोबत थांबणाऱ्या आई-सासू-मावशीसाठी आहे, आणि नव्याने ड्युटीवर लागलेल्या सिस्टर मुलींसाठीही. बाळ अशक्त असेल, कमी दिवसांचं असेल, तर डॉक्टर समोर जे सांगतील तेच करायचं.

आधी आकड्यांची भीती घालवू

पोटात बाळ श्वासातून ऑक्सिजन घेत नाही, वारेतून घेतं. तिथे त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतं आणि त्यावर त्याचं उत्तम चाललेलं असतं. फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. बाहेर आल्यावर पहिल्या काही श्वासांच्या ओढीने ते पाणी हवेच्या पिशव्यांतून बाजूला सरकतं, शोषलं जातं, जागा हवा घेते आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या उघडतात. या सगळ्याला काही मिनिटं लागतात. बटण दाबलं आणि दिवा लागला, असं ते नसतं.

उजव्या हाताच्या मनगटाला प्रोब, म्हणजे मशीनचा सेन्सर, लावून साधारण असे आकडे अपेक्षित धरतात:

१ मिनिटाला ६० ते ६५
२ मिनिटांना ६५ ते ७०
३ मिनिटांना ७० ते ७५
४ मिनिटांना ७५ ते ८०
५ मिनिटांना ८० ते ८५
१० मिनिटांना ८५ ते ९५

सिझरच्या बाळांचा आकडा थोडा रेंगाळत चढतो, कारण कळा आणि प्रसूतिमार्ग यांच्यामुळे पाणी शोषण्याची जी आधीची तयारी होते, ती त्यांची अपुरी राहिलेली असते.

उजवाच हात का? पोटात असताना हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक आडवाट असते. जन्मानंतर ती बंद होते, पण लगेच नाही. तोवर कमी ऑक्सिजनचं रक्त त्या वाटेने पायांकडे जाऊ शकतं. उजव्या हाताला जाणारी वाहिनी या आडवाटेच्या आधीच निघते, म्हणून मेंदूला काय मिळतंय याचा खरा अंदाज तिथे येतो. पायाला प्रोब लावून "बाळाचं कमी येतंय" म्हणून धावपळ झालेली मी पाहिली आहे.

नव्या सिस्टरांसाठी एक बारीक गोष्ट. प्रोब आधी बाळाच्या मनगटाला गुंडाळा, वरून कापडाने झाका म्हणजे वॉर्मरचा उजेड आत जाणार नाही, आणि मग वायर मशीनला जोडा. या क्रमाने आकडा लवकर पकडला जातो. तरी एखाद-दीड मिनिट जातंच. तोवर बाळाचा श्वास आणि हृदयाचे ठोके बघायचे, मशीनचं तोंड नाही. आणि घरचं ते बोटाचं चिमटं तान्ह्या बाळाला लावू नका. त्याचं बोट त्यात बसत नाही आणि जो आकडा येतो तो कुठल्याच कामाचा नसतो.

रंगाचं म्हणाल तर तळहात-तळपाय निळसर असणं पहिल्या दिवशी चालतं. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत अंगाच्या रंगावरून काही कळत नाही. ओठांच्या आत, हिरड्या आणि जीभ बघा. जीभ गुलाबी हवी.

मान एवढी महत्त्वाची का

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पावपट असतं आणि मागचा भाग चांगला फुगीर. सपाट गादीवर उताणं ठेवलं की हा मागचा फुगवटा डोक्याला पुढे ढकलतो आणि हनुवटी छातीकडे जाते. त्याची श्वासनळी मऊ असते, आतून जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. पाणी सोडलेली बागेतली नळी दुमडली की जे होतं तेच. त्यात जीभ तोंडाच्या मानाने मोठी, आणि श्वास मुख्यतः नाकातूनच. नाक दबलं तर आपल्यासारखं चटकन तोंड उघडून घ्यावं, हे त्याला अजून नीट जमत नाही.

उलट बाजूनेही तेच होतं. मान फार मागे ताणली तरी नळी चपटी होते. हवी असते ती मधली स्थिती: चेहरा छताकडे, हनुवटी किंचित वर, जणू बाळ लांबून येणारा वास घेतंय.

ही स्थिती आणायची युक्ती सोपी आहे. एका मऊ दुपट्याची पाऊण ते एक इंच जाडीची घडी करायची आणि ती खांद्यांखाली सरकवायची. मानेखाली नाही, डोक्याखाली तर अजिबात नाही. खांदे उचलले गेले की डोकं आपोआप जागेवर येतं. शिकाऊ मुली घाईत जाड टॉवेलच सारतात आणि मान मागे लटकते. मी त्यांना बाळाच्या बाजूला वाकून उभं राहायला सांगते, डोळे बाळाच्या पातळीवर आणून. वरून बघितलं तर सगळ्या माना सरळच दिसतात.

ही घडी फक्त वॉर्मरवर, कुणीतरी समोर उभं असताना. घरी झोपवताना नाही.

पहिलं मिनिट

बाळ बाहेर आलं, रडलं, हातपाय हलवतंय, तर त्याची जागा आईचं पोट. कोरड्या, गरम कापडाने पुसायचं, ओलं कापड काढून टाकायचं, दुसरं कोरडं पांघरायचं. नाळ लगेच कापायची घाई नाही. १ ते ३ मिनिटं थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं, की नाळ कापेपर्यंत बाळ वारेच्या पातळीखाली धरा, नाहीतर रक्त उलटं जाईल. २०१४ मध्ये अर्जेंटिनातल्या अभ्यासात दिसलं, की आईच्या पोटावर ठेवलेल्या बाळांनाही तेवढंच रक्त मिळतं. तेव्हापासून बाळ खाली धरून हात भरून येण्याचा तो त्रास संपला.

पुसताना बाळ कुशीवर किंवा पालथं वळलं तरी चालतं. फक्त डोकं लोंबू द्यायचं नाही. रडणाऱ्या बाळाचं नाक-तोंड उगाच सक्शनने ओढायचं नाही. खोलवर नळी घातली तर हृदयाचे ठोके उलट मंदावतात. घशात खरंच काही अडकलं असेल तरच, आणि तेव्हाही आधी तोंड, मग नाक. नाकात नळी गेली की बाळ दचकून श्वास ओढतं, आणि तोंडात असलेलं सगळं आत जातं.

ऊब हीसुद्धा ऑक्सिजनचीच बाब आहे. गारठलेलं बाळ अंग तापवण्यासाठी जास्त ऑक्सिजन जाळतं. लेबर रूममध्ये पंखा आणि एसी बंद, खोली २५ अंशांच्या वर. मे महिन्यात विदर्भात हे वेगळं करावं लागत नाही, पण डिसेंबरात नाशिककडे लागतं.

रडलं नाही तर

पाय धरून उलटं टांगायचं आणि ढुंगणावर चापट मारायची, हे सिनेमात ठीक आहे. त्याने वाट मोकळी होत नाही. डोक्यात रक्ताचा दाब वाढतो, आणि मौल्यवान सेकंद जातात. कांद्याचा रस, गार पाणी, ताट वाजवणं हे सगळं त्याच खात्यात.

करायचं ते असं: वॉर्मरवर, उताणं, खांद्याखाली घडी, मान मधल्या स्थितीत. गरज असेल तर तोंड-नाक साफ. पाठ एक-दोनदा चोळायची किंवा तळव्यावर टिचकी. तरी श्वास नाही, किंवा नुसते आचके, तर हाताने दाबून श्वास देणारी बॅग आणि मास्क, तेही पहिलं मिनिट संपायच्या आत. मिनिटाला ४० ते ६० वेळा: दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करतात.

इथे मान पुन्हा येते. बॅग दाबली आणि छाती उचलली नाही, तर पहिली शंका यंत्रावर घेऊ नका. मास्क नीट बसवा, डोकं पुन्हा जागेवर आणा, परत दाबा. अर्ध्याहून जास्त वेळा मला तिथेच उत्तर सापडलं आहे. दाबण्याच्या नादात आपलाच हात हनुवटी खाली ढकलत असतो.

हे काम मोठ्या हॉस्पिटलशिवाय जमत नाही, असं कुणी म्हटलं तर गडचिरोलीकडे बोट दाखवावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. न रडलेल्या बाळाला घरीच श्वास द्यायलाही त्यांना शिकवलं. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २००९ पासून देशभर नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच पहिल्या मिनिटाचं शिक्षण दिलं जातं.

नातेवाइकांनी या वेळी एकच करावं: बाजूला व्हावं आणि आईजवळ उभं राहावं.

आईच्या छातीवर

आता खरा विषय. उघड्या छातीवर उघडं बाळ, हे उत्तम आहे. बाळ उबदार राहतं, श्वास आणि ठोके लवकर स्थिरावतात, दूध लवकर लागतं. पण बाळ इथे पालथं असतं, आणि आई दमलेली. आधी ठणठणीत असलेलं बाळ पहिल्या तासांत अचानक श्वास थांबून गळून जाण्याचा प्रकार अगदी क्वचित घडतो. स्टॉकहोममधल्या अशा बाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून जास्त बाळं तेव्हा आईच्या अंगावर पालथी होती, आणि बरेच प्रकार पहिल्या दोन तासांतले. यावरून छातीवर ठेवणं बंद करायचं नसतं, ठेवायची रीत सुधारायची असते.

माझा स्वतःचा प्रसंग सांगते. पहाटे पावणेचार. पहिलटकरीण, रात्रभर कळा दिलेली. मावशी चहा आणायला खाली गेलेली. नवरा बाहेरगावी, त्याला व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवणं चाललेलं. मी बीपी घ्यायला गेले तर मुलगी हसत म्हणाली, "सिस्टर, किती शांत झोपलंय बघा." बाळ खाली घसरून नाक स्तनाच्या कडेत गेलं होतं. ओठ राखाडी. हात उचलून सोडला तर चिंधीसारखा पडला. मान सरळ केली, पाठ चोळली, आणि पाच-सहा सेकंदांनी ते असं ओरडलं, की फोनवरच्या बापाने टाळ्या वाजवल्या. त्याला काय घडलं ते कळलंच नव्हतं. चुकलं असेल तर माझंच. मी दहा मिनिटं आधी यायला हवं होतं.

तेव्हापासून मी आईला आणि सोबतच्या बाईला हे आधीच, कळा चालू असतानाच सांगून ठेवते. नंतर ऐकण्याच्या स्थितीत कुणी नसतं.

पहिलं म्हणजे आईला सपाट झोपवायचं नाही. पाठीशी उशा किंवा खाटेचं डोकं वर, अर्धवट बसती. म्हणजे बाळही तिरकं राहतं आणि तिला त्याचं तोंड दिसतं. बाळ दोन स्तनांच्या मधोमध, उभं. अंगावर फक्त लंगोट आणि टोपडं. टोपडं कपाळापर्यंतच. खाली सरकून नाकावर आलेली टोपडी मी रोज वर करते.

डोकं एका बाजूला, गाल आईच्या छातीवर, हनुवटी किंचित उचललेली. खांदे आणि छाती आईला सपाट लागलेली, कारण अंग एकीकडे आणि मान दुसरीकडे पिळलेली असेल तर श्वास जड जातो. हात दोन्ही बाजूंना, पाय बेडकासारखे दुमडलेले. पोट चेपलं जाता कामा नये. बाळाच्या बरगड्या आडव्या असतात, ते श्वास घेतं पोटाने, म्हणजे खरं तर पोट आणि छातीमधल्या पडद्याने. शाल पाठीवरून खांद्यापर्यंत. डोक्यावरून नाही, दृष्ट लागेल म्हणून तर नाहीच नाही.

मग मी विचारते, "ताई, दोन्ही नाकपुड्या दिसतायत का?" नाही म्हणाली तर जागा बदलायची, किंवा ते बघण्याचं काम सोबतच्या बाईकडे. पहिले दोन तास सिस्टरने दर १५ मिनिटांनी बघायला हवं. मधला वेळ घरच्यांचा. चहाला जायचं तर दुसऱ्याला बसवून जा. आई पेंगायला लागली तर बाळ उचलून शेजारच्या पाळण्यात उताणं ठेवा. झोपेचं किंवा वेदनेचं इंजेक्शन झालेली, बीपी वाढल्याने झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू असलेली, पहिलटकरीण, रात्रभर जागलेली, यांच्यावर जास्त डोळा.

काय बघायचं? श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, ३० ते ६० हवेत. मध्येच काही सेकंद थांबून पुन्हा भराभर घेणं हे तान्ह्या बाळाचं नेहमीचं आहे, पण २० सेकंदांचं थांबणं नाही. कण्हल्यासारखा आवाज, फेंदारणाऱ्या नाकपुड्या, आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या, राखाडी जीभ यापैकी काहीही दिसलं तर हाक मारा. आणि तो हात उचलून सोडायचा. साध्या झोपेत हात थोडा तरी रेटा देतो.

सिझरमध्ये, आणि पाजताना

ऑपरेशन टेबलावर आई सपाट असते, हात बांधलेले, मध्ये पडदा. बाळाला तिच्या छातीवर आडवं ठेवता येतं, पण धरायला आणि तोंड बघायला एक माणूस फक्त त्यासाठीच हवा. तसा नसेल तर बापाच्या छातीवर ठेवा. कमरेखालची शुद्ध नाही, आणि "बाळ घे" म्हणून तिच्या हाती देऊन सगळे पांगले, हे मला मान्य नाही.

नंतर कुशीवर पडून पाजताना बाळालाही पूर्ण कुशीवर करा, पोटाला पोट. उताण्या बाळाची फक्त मान वळवली तर गिळणं आणि श्वास दोन्ही अवघड. नाक दबतंय असं वाटलं तर बोटाने स्तन चेपण्यापेक्षा बाळाचं ढुंगण आईकडे ओढा. हनुवटी आत रुतते आणि नाक आपोआप मोकळं होतं.

"मग एनआयसीयूमध्ये पालथं का ठेवतात?"

एनआयसीयू म्हणजे तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग. हा प्रश्न दर आठवड्याला येतो. कमी दिवसांच्या बाळाची छाती इतकी लवचीक असते, की श्वास घेताना ती आतच जाते. पालथं ठेवलं की छातीला गादीचा आधार मिळतो, फुप्फुसांचा मागचा भाग जास्त उघडतो आणि ऑक्सिजन थोडा सुधारतो. पण तिथे बाळाला चोवीस तास मॉनिटर आणि माणूस असतो. तेच बाळ घरी जायच्या आधी उताणं झोपायला शिकवलं जातं. घरी प्रत्येक झोप उताणी. अमेरिकेत १९९० च्या दशकात उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याच्या आसपास आली.

घरी जाताना

आजीने शिवून ठेवलेली मोहरीची उशी असतेच. डोकं गोल व्हावं म्हणून. ती हनुवटीला छातीकडे ढकलते, म्हणून पहिल्या महिन्यांत तरी ती कपाटात. झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, मान तशीच, त्यापेक्षा सपाट पाळणा बरा. दुपट्यात घट्ट बांधताना छाती-पोटापाशी आपली दोन बोटं आत जायला हवीत. परदेशातल्या मुलीकडे जाणार असाल तर कार सीटमध्येही हेच: अर्धवट बसत्या बाळाचं डोकं पुढे गळतं, म्हणून ती सीट गाडीपुरतीच, घरी झोपवायला नाही. कमी दिवसांच्या बाळाला अशा सीटमध्ये बसवून श्वास आणि ऑक्सिजन बघूनच तिकडे बऱ्याच ठिकाणी घरी सोडतात.

वाटेतच किंवा घरीच बाळ झालं तर १०८ ला फोन. पुसा, आईच्या छातीवर ठेवा, मान सरळ, नाक उघडं, वरून पांघरूण. नाळ कापू नका. रडलं नाही तर पाठ चोळा. तरी नाही, तर सपाट जागी उताणं करून, आपलं तोंड त्याच्या नाक-तोंडावर एकत्र ठेवून, गालात मावेल एवढ्याच हवेच्या हलक्या फुंकरी, छाती उचलतेय का बघत. फोन स्पीकरवर ठेवून १०८ वरचा माणूस सांगेल तसं करत राहा.

डिस्चार्जच्या दिवशी मी जमेल तेव्हा गेटपर्यंत जाते. आजी रिक्षात बसलेली असते, मांडीवर बाळ, आणि वारा लागू नये म्हणून पदर त्याच्या तोंडावरून ओढलेला. मी तो हनुवटीखाली घेते. ती "हो गं बाई" म्हणते आणि परत वर ओढते. मी परत खाली घेते. रिक्षावाला किक मारेपर्यंत आमचं हे चालू असतं.